जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा कारभार : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न मुख्याध्यापक या नात्याने पालक मला सातत्याने विचारत आले आहेत. काही प्रवेशाच्या दिवसांत, काही पालकसभेत, तर बरेचसे शाळा सुटताना फाटकाशी उभे राहून. उत्तरे महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांना धरून दिली आहेत. महानगरपालिका आणि नगरपालिकेच्या शाळांना त्यांतील बहुतेक लागू पडतात. खासगी शाळांना मात्र सगळी लागू पडतील असे समजू नये.

१. मुलाला पहिलीत घालायचे तर वय किती पूर्ण हवे?

ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुलाची सहा वर्षे पूर्ण झालेली असावीत, असा नियम १८ सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ठरवून दिला आहे. म्हणजे जून २०२६ मध्ये पहिलीत बसणाऱ्या मुलाचा जन्म ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्याआधी झालेला असला पाहिजे. यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले साडेपाच वर्षांची असतानाच पहिलीत येतात. नियमाने त्यांना प्रवेश नाकारता येत नाही. परंतु मूल अजून लहानखुरे असेल, घरापासून दूर रमत नसेल, तर आणखी एक वर्ष अंगणवाडीत राहिल्याने त्याचे काहीही नुकसान होत नाही, असे मी अशा पालकांना सांगत असतो. शेवटचा निर्णय अर्थातच त्यांचा.

२. जन्माचा दाखला नाही, आधार कार्डही काढलेले नाही. प्रवेश मिळेल का?

मिळेल. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू असून, वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. जन्मदाखला नसेल तर रुग्णालयातील किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतील नोंद, अंगणवाडीतील नोंद आणि यांपैकी काहीच नसेल तर पालकांनी स्वतः लिहून दिलेले वयाचे घोषणापत्र चालते.

तरीही, ग्रामपंचायतीतून जन्मदाखला मिळण्यासारखा असेल तर तो आधी काढून मगच शाळेत यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. साठी ओलांडलेल्या पिढीतील किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो ते आपण आपल्याच घरात मोजून पाहावे. ती सगळी मंडळी जूनमध्ये जन्मली नव्हती. वडिलांना तारीख सांगता आली नाही म्हणून गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख मांडून टाकली आणि पुढे निवृत्तीपर्यंत तीच खरी ठरली. नोंद चुकल्यास पुढे काय करावे लागते ते प्रश्न ११ मध्ये पाहावे.

३. फी किती आहे? आणि मग वर्गणी कशासाठी मागतात?

फी नाही. प्रवेश शुल्क, परीक्षा शुल्क, दाखल्याचे शुल्क, यांपैकी काहीही आठवीपर्यंत घेता येत नाही. लोकवर्गणी ही निराळी गोष्ट आहे. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला जे वार्षिक संयुक्त अनुदान मिळते ते पटावर ठरते : ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५,००० रुपये. वीजबिल, खडू, फळ्याचा रंग, नळाची तोटी, स्वच्छतागृहाची डागडुजी हे सगळे त्यातच भागवायचे असते, आणि ते भागत नाही. त्यामुळे अनेक गावांत भिंती रंगवणे, पंखे किंवा संगणक घेणे अशी कामे लोकवर्गणीतून होतात. ही वर्गणी पूर्णपणे ऐच्छिक असते, तिची पावती मिळालीच पाहिजे, आणि ती दिली नाही म्हणून मुलाशी दुजाभाव झाल्यास ती तक्रारीची बाब ठरते (प्रश्न १३).

४. आमचा ‘आरटीई’त नंबर लागला नाही. आता जिल्हा परिषदेत प्रवेश मिळेल ना?

मिळेल, आणि त्यासाठी नंबर लागावा लागत नाही. ज्याला सर्वजण ‘आरटीई प्रवेश’ म्हणतात तो खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागांचा सोडतीने होणारा प्रवेश आहे. आरटीई म्हणजे प्रश्न २ मधला २००९ चा शिक्षणहक्क कायदा मात्र त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि आमच्या शाळेतले प्रत्येक मूल त्याच कायद्याने शिकते.

५. शाळा कधी सुरू होते, वेळ काय आणि सुट्ट्या किती?

शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते. विदर्भात उन्हाळा लांबत असल्यामुळे तेथील शाळा आणखी आठवडाभर किंवा त्याहून उशिरा उघडतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले. ग्रामीण भागातील बहुतेक शाळा दहा-साडेदहाला भरत असल्याने त्यांना त्याचा फारसा फरक पडला नाही. शनिवारची शाळा सकाळची असते. रविवार सोडून वर्षभरातील सर्व सुट्ट्या, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या धरून, ७६ पेक्षा जास्त नसाव्यात असा दंडक आहे. सुट्ट्यांची यादी जिल्ह्यागणिक थोडी वेगळी असते, कारण स्थानिक जत्रा-उत्सवांना त्यात जागा असते; ती वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्यावी.

६. पुस्तके आणि गणवेश शाळेकडून मिळतात का?

पहिली ते आठवीच्या सर्व विद्यार्थ्यांना बालभारतीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात आणि ती शाळेच्या पहिल्या दिवशी हाती पडावीत अशी अपेक्षा असते. पुस्तक फाटले किंवा हरवले तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची प्रत विनामूल्य उतरवून घेता येते.

गणवेशाचे दोन संच मिळतात. २०२४-२५ मध्ये संपूर्ण राज्यासाठी एकाच रंगाचे कापड मध्यवर्ती पद्धतीने खरेदी करण्याचा प्रयोग झाला, त्यात गणवेश उशिरा आले, मापे चुकली आणि पालकांनी आम्हालाच बोल लावले. त्यानंतर खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्यात आला आहे. त्यामुळे कापडाचा पोत किंवा शिलाई यांविषयी काही म्हणणे असेल तर ते शिक्षकांना वर्गात नव्हे, समितीच्या बैठकीत सांगावे (प्रश्न १०).

७. दुपारच्या खिचडीत नेमके काय असते आणि ती तपासतो कोण?

शालेय पोषण आहार योजनेचे नाव २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे झाले असले तरी गावात तिला अजून खिचडीच म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असून, डाळी, कडधान्ये, भाजी आणि तेल मिळून त्या जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी तेच प्रमाण १५० ग्रॅम तांदूळ, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे आहे.

मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी अन्नाची चव घेऊन तशी नोंद करायची असते. कोणत्याही पालकाला दुपारी येऊन अन्न पाहता येते, चाखताही येते. त्यासाठी परवानगीची गरज नाही, फक्त स्वयंपाकघरात शिरण्याआधी कार्यालयात सांगावे. मी तर म्हणेन की महिन्यातून एकदा तरी आळीपाळीने पालकांनी यावेच, कारण मीठ कमी पडले ही तक्रार तिसऱ्या दिवशी ऐकण्यापेक्षा त्याच दिवशी ऐकलेली स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही परवडते. मूल घरचा डबा आणत असेल तरी चालते. जेवण घेण्याची सक्ती नाही. शेंगदाणे, दूध किंवा अन्य कशाची ॲलर्जी असल्यास मात्र ते लेखी कळवावे, तोंडी सांगितलेले वर्गशिक्षक बदलले की विसरले जाते.

८. चार वर्ग आणि शिक्षक दोनच. मग एकेका वर्गाला शिकवतात तरी कधी?

हा प्रश्न रास्त आहे. कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार असे गणित आहे. शिक्षक वर्गांच्या संख्येवर नव्हे तर मुलांच्या संख्येवर मिळतात, म्हणून वाडी-वस्तीवरील शाळा सहसा द्विशिक्षकी असते. तेथे पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे असते, आणि शिक्षक एका गटाला समोर घेऊन शिकवत असताना दुसरा गट नेमून दिलेले काम करत असतो. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. ते नीट जमले तर पहिलीचे मूल कानावर पडून दुसरीचे पाढे शिकते आणि तिसरीचे मूल चौथीच्या मुलाकडून वजाबाकी समजून घेते. नीट जमले नाही तर अर्धा वर्ग अर्धा दिवस नुसता बसून राहतो. दोन्ही मी पाहिले आहे. आपल्या शाळेत काय चालते ते जाणून घ्यायचे असेल तर मुलाला ‘आज काय शिकवले’ असे न विचारता ‘सर दुसऱ्या वर्गाला शिकवत होते तेव्हा तू काय केलेस’ असे विचारावे.

दोन शिक्षकांपैकी एक प्रशिक्षणाला गेले तर उरलेल्या एकावर चारही वर्ग येतात. कलम २७ प्रमाणे जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. मात्र ऑनलाइन माहिती भरण्याचे काम ‘शैक्षणिक’ या सदरात मोडत असल्यामुळे त्याला या कलमाने आळा बसत नाही. एखादे पद दीर्घकाळ रिक्त असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. पालकांनी शाळेला कुलूप लावल्याच्या बातम्या येतात खऱ्या, परंतु ठरावाचा कागद आधी गेलेला असेल तर कुलपाची वेळ बहुधा येत नाही.

९. आता पोरांना नापास करतात म्हणे. खरे काय?

पहिली ते चौथी आणि सहावी-सातवीत कोणालाही मागे ठेवले जात नाही. पाचवी आणि आठवीसाठी मात्र डिसेंबर २०२३ च्या निर्णयानुसार वार्षिक परीक्षा घेतली जाते आणि प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के गुण लागतात. ते न मिळाल्यास जादा मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षा होते, आणि तीतही यश आले नाही तर मूल त्याच वर्गात राहते. कोणत्याही परिस्थितीत त्याला शाळेतून काढून टाकता येत नाही.

इतर वर्गांचे मूल्यमापन २० ऑगस्ट २०१० पासून चालत आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष पद्धतीने होते. तीत वर्षभर चालणारे आकारिक मूल्यमापन आणि सत्राखेरचे संकलित मूल्यमापन असे दोन भाग असतात. पहिली-दुसरीला त्यांचे प्रमाण ७० आणि ३०, तर तिसरी-चौथीला ६० आणि ४० असे असते. प्रगतिपुस्तकावरील ‘अ-१’ म्हणजे ९१ ते १०० टक्के, ‘अ-२’ म्हणजे ८१ ते ९०, आणि पुढे याच क्रमाने. श्रेणी पाहून थांबू नये. तिच्या शेजारी शिक्षकांनी लिहिलेल्या वर्णनात्मक नोंदी वाचाव्यात, आणि सगळ्या मुलांच्या नोंदी एकसारख्याच असतील तर त्याबद्दल विचारावे.

१०. शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे नक्की कोण, आणि तिच्या हातात काय असते?

कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक शाळेत ही समिती असते. तिच्यातील किमान ७५ टक्के सदस्य हे त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. मुदत दोन वर्षांची असते. ज्याचे मूल शाळा सोडून गेले त्याला पालक-सदस्य म्हणून राहता येत नाही, मग तो गावात कितीही वजनदार असो.

समितीच्या हातात काय असते, तर शाळेचा विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर देखरेख, गणवेश, पोषण आहारावर लक्ष आणि शिक्षक वेळेवर येतात की नाही याची विचारपूस. शिक्षकांची बदली करणे, त्यांची रजा नामंजूर करणे हे तिच्या अधिकारात येत नाही. बँक खाते अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालते. म्हणून अध्यक्षांनी कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवू नये, हे मी मुख्याध्यापक असूनही सांगतो.

बैठक महिन्यातून एकदा व्हायला हवी. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी वही घरोघर फिरवून सह्या गोळा केल्या जातात, आणि महिला सदस्यांच्या बाबतीत तर सही त्यांची पण हजेरी नवऱ्याची असाही प्रकार चालतो. हे बंद करण्याचा साधा उपाय असा की सदस्य नसलेल्या पालकांनीही इतिवृत्ताची वही पाहायला मागावी. मागील बैठकीत काय ठरले हे चार जण वाचणार आहेत असे कळले की बैठक खरोखरीच भरू लागते.

११. शाळेच्या नोंदीत मुलाचे नाव किंवा जन्मतारीख चुकली आहे. दुरुस्ती कशी होते?

प्रवेशाच्या वेळी मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म आणि जात यांची नोंद जनरल रजिस्टरमध्ये होते आणि तिला एक क्रमांक मिळतो. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला, पारपत्र अशा सगळ्या कागदांचे मूळ ही एक ओळ असते. म्हणून प्रवेशाच्या दिवशी अर्जावर घाईने सही करून निघून न जाता, नोंद झाल्यावर ती ओळ स्वतः वाचून पाहावी. वाचता येत नसेल तर शेजाऱ्याला घेऊन यावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

चूक लक्षात आली तर मूल शाळेत शिकत असतानाच अर्ज करावा. अर्जासोबत जन्मदाखला आणि मागितलेले इतर पुरावे जोडावेत. मुख्याध्यापकांना स्वतःच्या अधिकारात खाडाखोड करता येत नाही. प्रस्ताव शिक्षण विभागाकडे जातो, मंजुरीचा आदेश येतो आणि त्या आदेशाचा क्रमांक व दिनांक घालून लाल शाईने दुरुस्ती केली जाते. ‘तेवढे व्हाइटनरने करून द्या’ अशी विनंती कृपया कोणी करू नये. तशी नोंद उद्या जात पडताळणीत संशयास्पद ठरली तर नुकसान मुलाचेच होते. शाळा सोडून गेल्यानंतर दुरुस्ती फारच अवघड होऊन बसते.

याच संदर्भात, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांची नावे मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने नोंदवायची आहेत. ही मुले पहिलीत यायला अजून वेळ आहे, परंतु त्यांचा जन्मदाखला त्याच क्रमाने आहे ना, हे पालकांनी आताच पाहून ठेवावे.

१२. आधार नसले तरी प्रवेश मिळतो, तर मग सर रोज आधार का मागतात? आणि ‘अपार’ काय आहे?

प्रवेशासाठी आधार सक्तीचे नाही, हे प्रश्न २ मध्ये आलेच आहे. परंतु शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे हे ठरवणारी संचमान्यता आधार वैध झालेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर होते. आधारवरील ‘सोनाली’ आणि रजिस्टरमधील ‘सोनल’ जुळले नाही तर ते मूल वर्गात समोर बसलेले असूनही पटात धरले न जाण्याची भीती असते, आणि दोन-चार मुलांच्या फरकाने एक शिक्षक जाऊ शकतो. सर रोज विचारतात ते यासाठी. ‘अपार’ हा विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींसाठीचा बारा अंकी कायम क्रमांक असून तो काढण्यासाठी पालकांचे लेखी संमतिपत्र लागते. संमती देणे न देणे पालकांच्या इच्छेवर आहे.

१३. शिक्षकांनी मुलाला मारले. तक्रार कोठे करावी?

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना कलम १७ ने मनाई आहे. त्यात छडी जशी येते तसेच वर्गासमोर जातीवरून, अंगकाठीवरून किंवा गरिबीवरून हिणवणेही येते. ‘तुम्ही खुशाल मारा सर, आमचे काही म्हणणे नाही’ असे सांगणारे वडील अजूनही भेटतात. पालकांच्या अशा परवानगीला कायद्यात काहीही अर्थ नाही.

आधी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तक्रार मुख्याध्यापकांविरुद्धच असेल किंवा दखल घेतली गेली नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि त्यानंतर जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (प्राथमिक) असा क्रम आहे. महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येते. लैंगिक स्वरूपाचा कोणताही प्रकार असेल तर मात्र हा क्रम पाळत बसू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली ज्याला तो कळला त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी असते, आणि ते प्रकरण शाळेने किंवा गावाने आपसात मिटवणे हा गुन्हा लपवणे ठरते. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

१४. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. पोराचे नाव कटेल का?

नाव कटणार नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत गैरहजेरीच्या कारणाने कोणाचेही नाव कायमचे कमी करता येत नाही. परंतु नाव राहणे आणि शिक्षण चालू राहणे यांत फार अंतर आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे शैक्षणिक वर्षाचा निम्म्याहून अधिक भाग मूल बाहेर असते. त्याला गावातच ठेवता येत असेल तर ते सर्वांत चांगले. आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना असून ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालवली जाते आणि तीत मुलांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. त्यासाठी मुलांची यादी स्थलांतराच्या आधी तयार व्हावी लागते, तेव्हा उचल (तोडीचे आगाऊ पैसे) घेतल्या घेतल्या शाळेत येऊन कळवावे. कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर, पोहोचल्यावर फोन करून उपयोग होत नाही.

मुलाला सोबत न्यायचेच असेल तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. त्यावर मुलाची इयत्ता आणि त्याला काय येते याची नोंद असते. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवले की मूल त्या वर्गात बसते, आणि दाखला, पट किंवा जनरल रजिस्टर या कशालाही हात लावावा लागत नाही. परत आल्यावर तेच कार्ड पुढे भरलेले घेऊन यायचे. मुले फडावर धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी लागतात, हे आम्हाला समजते. तरीही थोरल्या मुलीलाच प्रत्येक वर्षी सोबत नेले जाते आणि मुलगा आजीकडे राहतो, हेही आमच्या हजेरीपटावर दिसत असते.

१५. वर्षाच्या मध्येच बदली झाली. जुनी शाळा दाखला देत नाही, तर नवी शाळा बसू देईल का?

बसू द्यावेच लागते. कलम ५ प्रमाणे दाखला मिळायला उशीर होतो आहे हे प्रवेश नाकारण्याचे किंवा लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि दाखला अडवून ठेवणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. खासगी शाळेने फी थकल्याचे कारण सांगितले असेल तरीही मुलाला आमच्या शाळेत त्याच दिवशी वर्गात बसवता येते. ऑनलाइन नोंद मागून घेण्याचे काम शाळा-शाळांनी आपसात करायचे असते. तात्पुरत्या स्थलांतराला हा मार्ग वापरू नये, त्यासाठी प्रश्न १४ पाहावा.

१६. मुलगी नऊ वर्षांची आहे, आजवर शाळेत गेलीच नाही. पहिलीत बसवणार का?

नाही. कलम ४ नुसार तिला वयानुरूप वर्गात, म्हणजे साधारण चौथीत, प्रवेश दिला जातो आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण दिले जाते. चौदा वर्षे उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत तिचे शिक्षण मोफतच राहते.

१७. मुलाला नीट ऐकू येत नाही. तुमच्या शाळेत चालेल की वेगळ्या शाळेत घालू?

दोन्ही मार्ग खुले आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. आमच्याकडे विशेष शिक्षक रोज नसतात, ते तालुक्यातून ठरावीक दिवशी येतात. ही अडचण लपवण्यात अर्थ नाही. निर्णय घेण्यापूर्वी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते तेव्हा मुलाला आवर्जून हजर ठेवावे. ‘लक्ष देत नाही’ म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाला मुळात नीट ऐकूच येत नव्हते, असे या तपासणीत उघड झाल्याचे मी पाहिले आहे.

१८. आम्ही नवरा-बायको वेगळे राहतो. मुलाला त्याचे वडील शाळेतून परस्पर घेऊन गेले तर?

न्यायालयाने ताब्याविषयी आदेश दिला असेल तर त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे द्यावी; शाळा त्याप्रमाणे वागेल. आदेश नसेल तर आई आणि वडील हे दोघेही कायद्याने पालकच असतात, आणि शाळेला एकाची बाजू घेता येत नाही. अशा वेळी मुलाला कोणाच्या हाती सोपवावे आणि आपल्याला कळवल्याशिवाय दाखला देऊ नये, असे लेखी निवेदन देऊन ठेवावे. समोरच्या पालकाने दाखला मागितलाच तर मुख्याध्यापक गटशिक्षणाधिकाऱ्यांचे मार्गदर्शन घेतात, आणि तेवढ्या अवधीत आपल्याला न्यायालयात जाता येते.

१९. मी पालक नाही, पण माझे आजोबा या शाळेत शिकले होते. त्यांची नोंद मिळेल का?

हा प्रश्न अलीकडे प्रवेशाच्या प्रश्नांइतकाच येतो. जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांचा जुना पुरावा लागतो, उदाहरणार्थ इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, आणि तो बहुतेक घरांत शाळेशिवाय दुसरीकडे कोठे सापडत नाही. अशा वेळी शाळेकडे प्रवेश-निर्गम उताऱ्यासाठी, म्हणजे जुन्या जनरल रजिस्टरमधील त्या नोंदीच्या प्रतीसाठी, अर्ज करावा. रजिस्टर जीर्ण असल्यामुळे ते घरी नेता येत नाही. कार्यालयात बसून पाहता येते.

जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्याआधीच्या रजिस्टरांवर लोकल बोर्डाचे किंवा स्कूल बोर्डाचे नाव असते, काही नोंदी मोडीत असतात आणि मराठवाड्यात उर्दूतही आढळतात. ती वाचून देणे मुख्याध्यापकांना बहुधा शक्य नसते, त्यासाठी जाणकार आणावा लागतो. अर्जात आजोबांचे त्या वेळचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि शाळेत असल्याचा अंदाजे काळ लिहावा. आडनाव नंतर बदललेले असल्यास तेही कळवावे, कारण जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनावच नसते, नुसते ‘रामा बिन गणू’ एवढेच असते.